विकास शुक्लांचा रस्ता

मोसंबीला आंबे बहर, थंडी सरताना फुटणारा, आला होता, त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर ती नोटीस चिकटवली गेली. मंठा रस्त्यावरून आत वळलं की आधी हा खांब लागतो, मग डाव्या हाताला मोसंबीच्या एका जुन्या बागेचं उरलंसुरलं कुंपण, आणि त्यानंतर काळ्या रानावर चुन्याच्या रेघा ओढून पाडलेले आमचे प्लॉट. संध्याकाळी वारा पडला की बागेतला वास, ओल्या साखरेसारखा, हलकेच गल्लीत उतरतो आणि काही वेळ कोणालाच काही करावंसं वाटत नाही. दारं उघडी राहतात, चुलीवरचं दूध उतू जातं, आणि त्याचा कोणी राग धरत नाही.

अशाच एका संध्याकाळी शाळेतून परतताना मी खांबापाशी थांबले. नवीन बांधकाम करणाऱ्यांकडून यापुढे एक शुल्क घेतलं जाईल, आणि ज्या वस्तीतून ते जमा होईल त्याच वस्तीचा रस्ता त्या पैशांतून सुधारला जाईल, असा मजकूर होता. कार्यालयीन मराठीतला, खळ घालून वाळवलेल्या कापडासारखा ताठ. पण ज्याने तो टंकला त्याच्या बोटांनी एका जोडाक्षरात अदलाबदल केली होती. ‘शुल्क’मधले ल आणि क एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते, आणि मथळ्यात ठळक अक्षरांत उमटलं होतं : विकास शुक्ल. तळाशी, जिथे अधिकाऱ्याचं नाव असतं तिथेही, ‘विकास शुक्ल, खोली क्रमांक सात’.

मराठी शिकवण्यात माझी हयात गेली आहे. मुलांच्या वह्यांतल्या अशा चुकांभोवती लाल वर्तुळ काढायची हाताला इतकी सवय, की दुकानांच्या पाट्या वाचतानाही बोटं शिवशिवतात. त्या दिवशी मात्र हात पुढे झाला नाही. शुक्ल म्हणजे शुभ्र, उजळ; चंद्र कलेकलेने भरत जातो तो पक्ष. रस्त्यासाठी गोळा करायच्या पैशाला कोणी चुकून इतकं सुंदर नाव देऊन बसावं, याचं मला नवल वाटलं. ती चूक मी कोणाला न सांगता घरी घेऊन आले, ओंजळीत बहराची चार फुलं आणावीत तशी.

आमच्या गल्लीतली वाट अजून स्वतःला रानच समजत असे. उन्हाळ्यात तिला हात हात लांब भेगा पडत, आणि पावसाळ्यात ती फुगून लोण्यासारखी मऊ होई, पावलाला धरून ठेवी. दिवाळीनंतर आम्ही वर्गणी काढून मुरमाच्या ट्रॉल्या टाकत असू. पुढच्या श्रावणापर्यंत काळी माती तो सगळा मुरूम पोटात घेऊन पुन्हा काळीभोर. मग बायका बियाण्यांची रिकामी पोती अंथरत. आमच्या शहरात बियाण्यांच्या कंपन्या एवढ्या, की घरटी एक माणूस तिथे कामाला. पोत्यांना तोटा नव्हता. त्यांच्या शिवणीत अडकलेले दोन-चार दाणे, औषध लावल्यामुळे गुलाबी नाहीतर मोरपंखी झालेले, चिखलात गळून पडत, आणि आठवडाभरात वाटेच्या मधोमध मक्याचा कोंब वर येई, एखादं कपाशीचं रोप दोन पानं उघडून उभं राही. मी छत्री धरून ते पाहत राहत असे. असं थांबून पाहणं ज्याला पुढे चालता येतं त्यालाच परवडतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात, पत्र्याच्या दोन खोल्यांत, एक आई आणि तिची मुलगी राहतात. आईचं सासर मेंढरांमागे हिंडणारं. नवऱ्याने आपल्या वाट्याची मेंढरं विकून हा प्लॉट घेतला, आणि घर उभं राहिल्यावर थोड्याच वर्षांत तो आजारपणात गेला. ती आता बियाण्यांच्या कारखान्यात दाणे निवडायला जाते. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. लहानपणच्या एका तापाने तिच्या पायांतलं बळ नेलं ते परत आलं नाही. बारावी विज्ञान तिने घरी बसूनच केलं. पुढे एका शिबिरात तिला बॅटरीवर चालणारी तीनचाकी मिळाली, आणि नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. ओल्या कागदावर ओळीने बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची, आणि ठरल्या दिवशी ती उलगडून किती उगवल्या आणि किती नुसत्याच फुगून राहिल्या ते मोजायचं.

“काकू, गुंडाळी उघडली ना, की वाफसा आलेल्या वावराचा वास येतो,” तिने मला एकदा सांगितलं होतं. “एवढुशा कागदात.”

पण गेल्या पावसाळ्यात तीनचाकी गल्लीतच रुतली. चाक आणि मडगार्ड यांच्यात मातीने बोटभरही जागा ठेवली नाही. आई मागून ढकले, मुलगी पुढे कळ दाबे, यंत्र नुसतं कण्हत राही. अकरा खाडे पडले. तिथल्या साहेबांनी, मनाने वाईट माणूस नव्हे, तिला समोर बसवून सांगितलं, की कोंब मोजणीच्या दिवसापलीकडे आपल्यासाठी थांबत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा असंच झालं तर त्या स्टुलावर दुसरी मुलगी बसवावी लागेल. तेव्हापासून त्या घरात ‘पुढचा पावसाळा’ हे शब्द, घरी येऊन राहिलेल्या अबोल पाहुण्यासारखे, कायम वावरत असत.

नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ती आई माझ्या पोर्चच्या पायरीवर येऊन टेकली. तिला वाचता येतं, पण अक्षर अक्षर जुळवून, ओठ हलवत.

“बाई, खांबावरलं वाचलं का? रस्ता व्हनार म्हनं आता. नवे सायेब आलेत, शुक्ल म्हनून.”

“वाचलं.”

“इकडचे न्हाई वाटत. तिकडं उत्तरेकडचे असतीन. सात नंबरच्या खोलीत बसतेत. मानूस कसा असंल वो?”

इथे मी बोलायला हवं होतं. पण बागेतून वास येत होता, आभाळात तिजेची कोर होती, खरोखरच शुक्ल पक्षातली. आणि माझ्या मनात त्या नावाचा एक पांढऱ्या कपड्यांतला, सौम्य माणूस तयार होत होता, सातव्या खोलीत बसून गल्ल्यागल्ल्यांना उजेड वाटणारा.

“नावावरून तरी उजेडाचा माणूस दिसतोय,” मी हसून म्हटलं.

तिने मान डोलावली. माझं हसणं तिने घेतलं नाही. शब्द तेवढे घेतले.

त्या शुल्काशी माझाही संबंध होता. गच्चीवर एक खोली बांधायचं माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. ती खोली मी इतकी पाहिली होती, की उघड्या गच्चीवरही तिच्या नसलेल्या दारातून मी जरा वाकून आत जात असे. पूर्वेच्या भिंतीला भिंतीएवढीच खिडकी; खिडकीत सगळी बाग. सकाळचं ऊन पानांवर हिरवं होऊन माझ्या कागदांवर उतरेल, एवढंच त्या खोलीकडून माझं मागणं होतं. गुत्तेदाराने, आमच्याकडे बांधकामाचा ठेका घेणाऱ्याला गुत्तेदारच म्हणतात, नोटीस वाचून डोळे मिचकावले होते.

“मॅडम, परवानगीचं नाव काढू नका. शुल्क भरलं की तुमची खिडकी गेली समजा. शनिवार-रविवार हापिस बंद असतंय. दोन दिवसांत भिंती वर करून देतो. बिलकुल टेन्शन न्हाई. एकदा उभं राह्यलं की कोन पाडतंय?”

समोरच्या घरातले काका, बँकेतून निवृत्त झालेले, दोन मुलांसाठी दोन मजले चढवणार होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला शेजारच्या मोकळ्या जागेत आणखी तीन गाळे काढायचे होते. रस्ता तिघांनाही हवा होता. आणि तिघेही, जेवणाच्या पंगतीत पहिला घास कोण घेतो याची वाट पाहावी तसे, एकमेकांच्या हातांकडे पाहत होतो.

“रस्ता सगळ्या गल्लीचा आणि पैसे आपल्या तिघांचे?” काका म्हणत. “हा कुठला हिशेब, मॅडम? आधी दुकानदाराला भरू द्या.”

“आधी काका,” दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणे. “माझं काय, गिऱ्हाईक चिखलातून बी येतंय.”

मी मान हलवून घरी येई. गुत्तेदाराला मी येणारा शनिवार देऊन टाकला होता.

त्या शनिवारच्या दोन दिवस आधी, दुपार कलत असताना, ती आई फाटकातून आत आली. ती कामावरून आलेली दिसत नव्हती. अंगावर जांभळं, हिरव्या काठाचं लुगडं होतं, घडीच्या रेघा अजून न मोडलेलं, आणि केसांना तेलाचा हात होता. मी पाणी दिलं. तिने ते सगळं पिऊन तांब्या पालथा घातला.

“गेल्ते मी.”

“कुठे?”

“सात नंबरच्या खोलीत. खाडा करून गेल्ते. म्हनलं, शुक्ल सायेबाला भेटायचंय. तिथला बाबू म्हनला, कोन शुक्ल? म्हनलं, विकास शुक्ल. मंग त्यानं बाजूच्याला हाक मारली. म्हनला, मावशी, पुन्हा एकदा सांगा बरं. मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, त्याला ऐकू न्हाई आलं.” पायरीवरचा एक खडा तिने बोटाने दूर सारला. “तिसऱ्यांदा सांगितलं तवा ध्यानात आलं, हासू राह्यलेत.”

बागेत कोणीतरी मोटार चालू केली होती. पाण्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

“मंग एकजन म्हनला, ते पैशाचं नाव हाये, मानसाचं न्हाई. म्हनलं, बरं, मंग पैसे घ्या. थोडे नेले होते मी. तर म्हनला, बांधकाम काय करून राह्यलात? म्हनलं, बांधकाम न्हाई, रस्ता पाह्यजे. म्हनला, बांधकाम न्हाई तर शुल्क न्हाई. ज्याला बांधायचंय त्यानंच भरायचं. मी म्हनलं, मंग ज्याला चालायचंय त्यानं काय करायचं?”

“काय म्हणाले?”

“जेवायची सुट्टी झाल्ती.”

मला हसू आलं असतं, एरवी. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“बाई, तुम्हाला म्हाईत व्हतं का? मानूस न्हाई म्हनून?”

“होतं.”

“मंग सांगायचं न्हाई का वो.” तिने लुगड्याची घडी हाताने सपाट केली. “तुम्ही म्हनल्या उजेडाचा मानूस. म्हनून हे नेसून गेल्ते.”

ती गेल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसून होते. शब्दांच्या आत दिवा लावून पाहण्याचं एक व्यसन मला कवितेने दिलं आहे. त्या दिव्याला मी आयुष्यभर जपलं. त्या दुपारी प्रथमच मला दिसलं, की मी तो दिवा हातात घेऊन उभी असताना दुसरी बाई त्याच शब्दाला ठेचाळून पडली होती, आणि मी तिला उजेड दाखवला नव्हता, नुसता त्याचा रंग वाखाणला होता. ऊन कुंपणावर चढलं आणि उतरलं. मी उठून गुत्तेदाराला फोन केला आणि शनिवारी येऊ नका म्हणून सांगितलं.

सोमवारी अर्धी रजा काढून मी खोली क्रमांक सातमध्ये गेले. बाबूने मला पाहताच खुर्ची पुढे केली, “या मॅडम, बसा मॅडम.” खुर्चीची वेताची बैठक उन्हाने गरम होती. बसताना मनात आलं, की तिला कोणी बस म्हटलं नसणार.

“तुमच्या नोटिशीत एक चूक आहे,” मी म्हटलं.

“अहो, ती शुक्लाची ना!” तो आनंदला. “गुरुवारी गंमत झाली, मॅडम. एक बाई आल्या होत्या...” आणि त्याने सगळी हकिकत सांगितली, बायकी आवाज काढून, लुगड्यासकट. मी मधेच थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आपल्याच वहीवरचे शेरे वाचावेत तसं.

“त्या माझ्या शेजारीण,” मग मी म्हटलं. “त्यांना साहेबांचं नाव मीच सांगितलं होतं.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. त्याने टेबलावरच्या फायली उगाच सारख्या केल्या. मी पर्समधून लाल पेन काढलं, त्याच्यासमोर पडलेल्या नोटिशीच्या प्रतीवर दोन ठिकाणी वर्तुळं काढली, आणि वरच्या खोलीसाठी परवानगीचा अर्ज मागितला. आवक वहीत आमच्या वस्तीच्या पानावर तोवर काहीच नव्हतं. पहिली ओळ माझी पडली. शुल्काचा आकडा ऐकला तेव्हा माझ्या मनातल्या खोलीची पूर्वेची भिंत दोन्ही बाजूंनी हळूहळू मिटत आली आणि मधे तीन फुटांची खिडकी तेवढी उरली. त्यातूनही बाग दिसेल, मी मनाशी म्हटलं. अर्धी का होईना.

संध्याकाळी मी पावती घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. झालेल्या गोष्टीबद्दल मला काही बोलायचं होतं, वाक्य मी वाटभर घडवत गेले होते. तिने ते घडू दिलं नाही. पावती हातात घेऊन ती अक्षर अक्षर वाचू लागली. या वेळी शुल्क बरोबर छापलं होतं. मुलगी तीनचाकीत बसून आमच्याकडे पाहत होती, तिच्या बोटांना ओल्या कागदाची पांढुरकी सुरकुती होती.

“हिची एक झेरॉक्स द्या मला,” आई म्हणाली.

“कशाला?”

“द्या तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फाटकापाशी पेपर वाचत उभे होते. ती कामावर निघाली होती, डब्याची पिशवी खांद्याला. त्यांच्यासमोर थांबून तिने झेरॉक्सची घडी उलगडली.

“काका, शुक्ल सायेबानं विचारलंय, तुमच्याकडं कवा येऊ म्हून.”

“कोण शुक्ल?”

“विकास शुक्ल. बाईकडं येऊन गेले. ही बगा त्यांची सही. आता तुमचा नंबर लावून राह्यलेत.”

काकांनी पावती पाहिली, मग माझ्या घराकडे पाहिलं. त्यांच्या घरातल्या पडद्याआडून त्यांच्या पत्नी, काकू, इतक्या मोठ्याने हसल्या की कुंपणावरचे होले उडाले. “द्या भरून एकदाचं!” त्या आतून म्हणाल्या. “येऊ द्या त्या शुक्लांना. मुलांच्या गाड्या दारापर्यंत तरी येतील. मागच्या दिवाळीला सूनबाई चपला हातात घेऊन आली!”

“मॅडम,” काकांनी मला हाक मारली, “तुम्ही फितूर झालात.”

“झाले,” मी म्हटलं.

तिने ती झेरॉक्स दुकानाच्या काउंटरवर ठेवली, वर डब्याची पिशवी ठेवली, आणि दुकानदार पैसे भरायला तयार होईपर्यंत हलायचं नाही अशा बेताने चहापत्ती घ्यायला फार वेळ लावला. महिनाभर गल्लीत भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला विचारी, “काय, शुक्ल साहेब येऊन गेले का?” दुकानदाराला तर गिऱ्हाईकं साखर मागण्याआधी तेच विचारत. जे हसणं सात नंबरच्या खोलीत तिच्यावर पडलं होतं तेच तिने उचललं, झटकलं आणि आपल्या हाताने गल्लीत वाटलं. मी ते रोज ऐकत असे. मला त्यात वाटा मिळाला नाही, आणि तेच बरोबर होतं.

काकांची फाइल गेली. शेवटी दुकानदाराचीही. नव्या शुल्कातून झालेला पहिला रस्ता म्हणून वरच्यांना दाखवायला कार्यालयालाही काहीतरी हवं होतं, त्यामुळे वैशाख संपता संपता आमच्या गल्लीत यंत्र आलं. त्याने माती उपसली तेव्हा खड्ड्याच्या कडेला आमची सगळी वर्षं थरांनी दिसली : काळी माती, मुरमाची तांबूस रेघ, पुन्हा काळी, पुन्हा तांबूस, आणि मधे कुठेतरी पोत्याचा सुटलेला निळा धागा. मुलगी तीनचाकी कडेला लावून तिन्हीसांजेपर्यंत ते पाहत बसली. “काकू, हे पण उलगडलेल्या गुंडाळीसारखंच आहे,” ती म्हणाली, “फक्त यातलं मोजायचं नाही.”

सिमेंट पडलं. त्यावर मातीच्या बारक्या कडा घालून पाण्याचे चौकोन केले, आणि पंधरा दिवस तो रस्ता रस्ता नव्हताच. आभाळाच्या तुकड्यांची एक लांब रांग होती. सकाळी एका चौकोनात ढग असे, दुसऱ्यात नुसती निळाई, तिसऱ्यात पाणी प्यायला उतरलेली चिमणी. कोणी त्यावर पाऊल टाकत नसे. आम्ही सगळे कडेकडेने, भिंतींना हात लावत, चोरासारखे चालत होतो आणि दबक्या आवाजात बोलत होतो, जणू पाळण्यात कोणी निजलं आहे.

पण हे चौकोन माझ्या फाटकापाशी संपत होते. पुढे तीन घरं होती, आणि तिसरं तिचं होतं.

मी इंजिनियरना विचारलं. ते तरुण होते, टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. “जमा झालं तेवढं इथवर आलं, मॅडम. पुढे कोणी नवीन बांधकाम काढलं, की पुढचं करू.”

पुढच्या दोन घरांना काही बांधायचं नव्हतं, आणि तिच्याकडे बांधण्यासारखं काही नव्हतं. रस्ता माझ्या दाराशी येऊन थांबावा याची मला अशी लाज वाटली की मी आत जाऊन बसले. तीच मला बोलवायला आली. माझ्या फाटकापासून आपल्या दारापर्यंत ती पावलं टाकत गेली आणि मागे आली, ओठ हलवत, मोजत.

“एवढं पाठीवर आनीन तिला,” ती म्हणाली. “अख्ख्या गल्लीचं वझं न्हाई झेपत. तीन घरांचं झेपतंय. गाडी तेवढी तुमच्याकडं राहू द्या, बाई.”

तेव्हा मी गुत्तेदाराला पुन्हा बोलावलं. पोर्चच्या तीन पायऱ्या फोडून तिथे उतार करायला सांगितला आणि तीनचाकीची बॅटरी लावण्यासाठी भिंतीला एक सॉकेट. त्याने छिन्नी लावायच्या आधी मंजूर नकाशा उघडून पाहिला.

“मॅडम, हे तर नकाशात न्हाई.”

“मग?”

“मंग म्हंजे! परवानगी कुठंय? शुल्क?” आणि तो आपल्याच विनोदावर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. उताराची मजुरी त्याने घेतली नाही. वरची खोली त्याने त्याच महिन्यात पुरी केली. तिच्या तीन फुटी खिडकीत बाग मावत नाही. एक फांदी आणि तिच्यामागची हिरवी धूसरता एवढंच येतं, आणि त्याकडे पाहत बसलं की वेळ कसा जातो ते कळत नाही.

मग आषाढात झड लागली. चौथ्या दिवशीही पाऊस तसाच, आवाज न करता, उभा. सकाळी आठच्या सुमाराला मी पोर्चमध्ये होते. टोकाच्या घरातून आई निघाली, मुलगी पाठीवर, आणि मुलीच्या हातात दोघींवर धरलेली एक छत्री. दुरून पाहताना ती एकच उंच, संथ बाई वाटत होती, चिखलातून प्रत्येक पाऊल उपटून घेत येणारी. तीन घरं यायला त्यांना बराच वेळ लागला. मधे एकदा त्या थांबल्या. मुलगी काहीतरी बोलली, आई म्हणाली, “गप बस, हासवू नको, पडन मी.”

उतारावर पोचल्यावर मुलगी पाठीवरून तीनचाकीत सरकली. तिने डबा ठेवला, रेनकोटची बटणं लावली, प्लगची वायर गुंडाळून मला दिली. “काकू, आज मक्याची मोजणी आहे,” ती म्हणाली, आणि कळ दाबली. सिमेंटवर पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. चाकांनी तो दोन्ही बाजूंना उलगडला आणि मागे पुन्हा मिटू दिला. कण्हणं नाही, घसरणं नाही. एक बारीक, सलग गुणगुण, जी खांबापाशी वळून मंठा रस्त्याच्या आवाजात विरघळली.

आई कामावर जायची होती, तिला उशीर होत होता, तरी ती गेली नाही. नळाखाली तिने पाय धुतले, पुन्हा धुतले. मी चहा दिला; तो तिने हातात धरून ठेवला. पाऊस बागेवर पडत होता, काकांच्या नव्या स्लॅबवर पडत होता, तीन घरांच्या चिखलावर पडत होता, आणि त्याचा प्रत्येक ठिकाणचा आवाज वेगळा होता.

पाऊण तासाने तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला.

“आई, पोचले. स्टुलावर बसले. आता गुंडाळ्या उघडायच्यात, ठेवते.”

एवढंच. फोन तिकडून केव्हाच बंद झाला होता. तरी ती तो कानाशी धरून उभी होती, डोळे मिटून. आणि दुसऱ्या हातातला चहा कलून उतारावरून हळूहळू वाहत चालला होता.